बंगल्यासमोरची झुडपं: फुलाआधी रुंदी विचारा

प्रश्न थोडक्यात असा: पुण्याच्या पूर्व भागात रो-हाउस. समोर, पश्चिमेला, २२ फूट लांब आणि ३ फूट रुंद वाफा. कंपाउंडची भिंत जेमतेम ३ फूट, त्यामुळे रस्त्यावरून थेट हॉल दिसतो, तो झाकायचाय. उत्तरेला १४ फूट लांबीची आणि दीड फूट रुंदीची पट्टी, तिथे सकाळी दोन तास ऊन. मागे आग्नेय कोपऱ्यात आठ बाय आठ फुटांची उन्हाची जागा आणि तिच्या पलीकडे फळणारं कागदी लिंबू. घरात तीन वर्षांचं मूल. फुलं बारमाही हवीत, हिरवेपणा कधी जाऊ नये आणि वेळ आठवड्याला एखादा तास. नर्सरीतून कामिनी, कण्हेर, सोनेरी दुरंता आणि एक्झोरा ही चार नावं सुचवली आहेत. यातलं काय घ्यावं?

या जागेत यातलं एकही जमिनीत लावू नका. चारही झुडपं वाईट नाहीत, पण प्रत्येकाचं तुमच्या घरातल्या कशाशी तरी जमत नाही. कण्हेरीचं मुलाशी, कामिनीचं लिंबाशी, दुरंताचं तुमच्या वेळेशी आणि एक्झोराचं तुमच्या मातीशी. ही चार कारणं खाली सांगतो, पण त्याआधी रुंदीचं बघू. घरच्या बागेतली बहुतेक झुडपं कीड-रोगाने बिघडत नाहीत, ती जागेपेक्षा मोठी झाल्यामुळे बिघडतात.

नर्सरीच्या पिशवीत सगळीच झुडपं दीड-दोन फुटांची असतात, म्हणून ती सारखीच वाटतात. चार-पाच वर्षांनी चित्र वेगळं असतं. मोकळ्यावर वाढू दिलं तर देशी लाल जास्वंद पाच-सहा फूट पसरते, तगरही तेवढीच. कण्हेर सहा ते आठ फूट, हॅमेलिया सहा, मुसांडा सहा, शंकासुर आठ आणि पावडर पफ आठ-दहा फूटही जातो. अनंत तीन-चार फुटांत थांबतो, थ्रायलिस चार फुटांत, बुटका एक्झोरा आणि मिनी चांदणी दोन-अडीच फुटांत. विकत घेताना लोक उंची विचारतात. उंची वरून कापता येते आणि ती कोणाच्या वाटेत येत नाही. रुंदी मात्र वाट अडवते, गाडीच्या दाराला लागते, भिंतीला घासते, शेजाऱ्याकडे जाते, आणि मग कात्री सुरू होते.

कात्रीने नेमकं काय बिघडतं तेही समजून घ्या. बहुतेक फुलझुडपांची कळी नव्या फुटीच्या टोकाशी किंवा टोकाजवळच्या पानांच्या बगलेत येते. दर महिन्याला बाहेरून सपाट कापत राहिलं की दर महिन्याला कळीच कापली जाते. शिवाय प्रत्येक कापाखालून दोन-तीन फुटी निघतात, बाहेर पानांचं दाट कवच तयार होतं, आत उजेड जात नाही आणि आतली पानं गळून नुसत्या काड्या उरतात. असं कुंपण दुरून हिरवंगार दिसतं. एखादी फांदी मेली की मात्र आतली पोकळी उघडी पडते आणि ती भरून यायला वर्ष जातं. म्हणून माझा निकष साधा आहे: जे झुडूप वर्षातून दोनदा छाटून दिलेल्या जागेत राहतं ते घ्यायचं, ज्याला दर महिन्याला कापावं लागतं ते नाही घ्यायचं. कापलेला चौकोनी आकारच ज्यांना आवडतो आणि माळी येतो, त्यांची गोष्ट वेगळी.

आता ती चार झुडपं.

कण्हेर काटक आहे. पाणी कमी लागतं, ऊन कितीही चालतं, जनावरं तोंड लावत नाहीत, म्हणूनच महामार्गांच्या दुभाजकात ती इतकी दिसते. पण मूळ, खोड, पान, फूल, सगळंच विषारी आहे. विष हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतं, आणि पान वाळलं तरी विष जात नाही. छाटलेल्या काड्या जाळल्या तर धूरही त्रासदायक. पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, तेवढीच धोक्याची आणि तिच्या बिया मुलांना खेळायला हमखास सापडतात. तीन वर्षांच्या मुलाच्या घरी हात पोहोचेल अशा उंचीवर ही दोन्ही नकोत. रातराणीची पांढरी फळं, शोभेच्या जट्रोफाच्या बिया, दुरंताची पिवळी मण्यांसारखी फळं आणि घाणेरीची कच्ची हिरवी फळंही याच यादीत. मूल आठ-दहा वर्षांचं झालं की यातल्या काहींचा पुन्हा विचार करता येईल.

कामिनी, म्हणजे आपली कुंती, खरं तर तुमच्या पुढच्या वाफ्यासाठी पहिल्या क्रमांकाची ठरली असती. बारीक चकचकीत पान, छाटणी मुकाट सोसते, अडीच फुटांत राहते, चांगला पाऊस झाला की अख्खं झुडूप पांढरं होऊन गल्लीभर वास. अडचण लिंबाची. कामिनी आणि लिंबू एकाच कुळातली, आणि लिंबूवर्गीय झाडांवरची सायला ही बारीक कीड कामिनीच्या कोवळ्या फुटीवर जोमाने वाढते. कुंपण कापलं की नवी फूट, नवी फूट आली की सायला, आणि तिथून ती लिंबावर. ती नुसता रस पीत नाही, लिंबूवर्गीय झाडांना कायमचा निकामी करणारा ग्रीनिंग रोगही पसरवते आणि त्याला औषध नाही. विदर्भातले संत्रा बागायतदार या किडीला चांगले ओळखून आहेत. कढीपत्त्यावरही ती येते, त्यामुळे लिंबाला लागून कढीपत्ता असेल तर त्याच्या शेंड्यांवर लक्ष ठेवा. ज्यांच्याकडे लिंबू, मोसंबी, संत्रं काहीच नाही, त्यांनी अडीच-अडीच फुटांवर कामिनी बिनधास्त लावावी.

सोनेरी दुरंता स्वस्त आहे आणि भराभर वाढतो, म्हणून सुचवला जातो. पावसाळ्यात त्याला दर तीन-चार आठवड्यांनी कापावं लागतं. नाही कापला तर लांब काटेरी फांद्या बाहेर येतात, आणि कापला तर निळी फुलं कधीच दिसत नाहीत. सोनेरी रंगही फक्त कडक उन्हात टिकतो, सावलीकडची बाजू साधी हिरवी होते. तुमचा आठवड्याचा एक तास तो एकटाच खाईल.

या ओघात एक सांगून टाकतो. 'सहा महिन्यांत पडदा' म्हणून काही ठिकाणी कोनोकार्पस दिला जातो. तो झुडूप नाही, झाड आहे. त्याची मुळं ड्रेनेज आणि पाण्याच्या पाइपांत शिरतात. गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. कुंडीत दिसणाऱ्या छोट्या फायकसचंही तसंच. भिंतीलगत जमिनीत लावला की दहा वर्षांत भिंतीला तडा.

एक्झोराचा मुद्दा मातीचा आहे, आणि इथे थोडं थांबायला हवं, कारण अनंतालाही हाच नियम लागू होतो. दोघांनाही आम्लधर्मी माती लागते. कोकणात जांभ्यावर एक्झोरा, म्हणजे तिकडची रुग्मिणी किंवा पेंटगूळ, कोणी लक्ष न देताही वर्षानुवर्षं फुलत असते. घाटावर आलं की त्याच झुडपाची नवी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोक खत वाढवतात, पानं आणखी पिवळी होतात. मातीत लोह नसतं असं नाही. सामू (पीएच) जास्त, म्हणजे माती अल्कधर्मी असल्यामुळे मुळांना ते घेता येत नाही. नव्या रो-हाउसमध्ये तर वाफ्यात बहुधा राडारोडा भरलेला असतो: प्लास्टरचे तुकडे, सिमेंट, विटांचा चुरा, वर चार इंच लाल माती. सिमेंटातला चुना सामू आणखी चढवतो.

तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. वाफ्यात तीन ठिकाणी फूटभर खोल खणून मूठभर माती घ्या, वाळवा आणि तिच्यावर चमचाभर पांढरं व्हिनेगर टाका. बुडबुडे येऊन फसफसलं तर मातीत मोकळा चुना आहे. एक्झोरा आणि अनंत जमिनीत लावू नका. हौसच असेल तर बुटका एक्झोरा १४ इंची कुंडीत लावा: दोन भाग लाल माती, एक भाग कोकोपीट, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत. त्याला बोअरचं जड पाणी घालत राहिलात तर वर्ष-दोन वर्षांत कुंडीतही क्षार साठून तोच आजार दिसेल. नळाचं किंवा पावसाचं पाणी द्या. पानं पिवळी पडलीच तर लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि चिमूटभर लिंबूसत्त्व विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारा, पंधरा दिवसांनी पुन्हा. चुनखडीच्या मातीत हिराकस टाकून उपयोग नाही, तो तिथेच अडकून पडतो.

दुसरी चाचणी निचऱ्याची. दीड फूट खोल खड्डा करून संध्याकाळी पाण्याने भरा. सकाळी पाणी शिल्लक असेल तर खाली काळी चिकण माती किंवा ठोकून घट्ट केलेला मुरूम आहे. अशा ठिकाणी खड्डा आणखी खोल करू नका. त्याची हौदासारखी टाकी होते आणि पावसाळ्यात मुळं कुजतात. उलट वाफा आठ-दहा इंच उंच करा. काळ्या मातीत दोन घमेली वाळू मिसळून निचरा होईल ही समजूतही सोडून द्या. थोड्या वाळूने ती माती वाळल्यावर आणखी घट्ट होते. शेणखत आणि पालापाचोळ्याचं खत हाच तिचा इलाज.

मग लावायचं काय?

पुढच्या वाफ्याला पश्चिमेचं ऊन, म्हणजे दुपारी एकपासून सूर्यास्तापर्यंत थेट, आणि एप्रिल-मेमध्ये भिंत तापून रात्री आठपर्यंत उष्णता फेकणार. इथे पडद्यासाठी तगर. बारमाही हिरवी, पांढरी फुलं जवळपास वर्षभर आणि पावसाळ्यात भरपूर, कीड कमी, माती कसलीही चालते. एकेरी तगर घ्या. डबल तगरीची फुलं मोठी असतात, पण पावसात ती भिजून तपकिरी होऊन झाडावरच लोंबकळतात. पांढऱ्या कडांच्या पानांची तगर सावकाश वाढते आणि पश्चिमेच्या उन्हात तिची पानं करपतात, ती इथे नको. तगरीला पांढरा चीक असतो. छाटणीच्या वेळी तो डोळ्यांत किंवा तोंडात जाऊ देऊ नका आणि मुलाला त्या वेळी लांब ठेवा.

तगर मोकळी सोडली तर पाच-सहा फूट पसरते हे वर सांगितलंच, मग तीन फुटांच्या वाफ्यात ती कशी? ती दोन छाटण्यांत आटोक्यात राहते आणि छाटल्यावर बगलेतून निघालेल्या फुटींवर पुन्हा फुलते. दुरंताला हे जमत नाही. शिवाय जवळ लावली की ती आडवी जायच्या आधी वर जाते. २२ फुटांत सात झुडपं: दोन्ही टोकांना दोन-दोन फूट सोडा आणि मध्ये तीन-तीन फुटांवर लावा. खोड भिंतीपासून दीड फुटावर. सातही तगरी लावू नका. फाटकाकडचं एक आणि दुसऱ्या टोकाचं एक अशी दोन देशी लाल जास्वंद ठेवा, मध्ये पाच तगरी. जास्वंदीची फुलं रोज तोडली जातात, गणपतीला लागतात, त्यामुळे ती हाताशी असावी. आणि तिच्यावर पिठ्या ढेकूण येतोच, तेव्हा ती टोकाला असली की फवारणी सोपी जाते. मोठ्या फुलांच्या रंगीबेरंगी संकरित जास्वंदी या उन्हात नाजूक पडतात, पावसाळ्यात त्यांची मुळं कुजतात. त्या कुंडीत ठेवा.

पांढऱ्याचा कंटाळा येणार असेल तर मधल्या दोन तगरींच्या जागी थ्रायलिस चालेल. पिवळे तुरे, बारीक पान, चार फुटांचा आटोपशीर घेर, आणि उन्हाला घाबरत नाही. सगळ्या नर्सऱ्यांत मिळत नाही, पण विचारून ठेवावं. बोगनवेल मात्र या वाफ्यात नको. ती काटेरी आहे, दर पावसाळ्यात आठ-आठ फुटांच्या फांद्या टाकते, आणि तगरीला लागतं तेवढं पाणी मिळालं तर नुसती पानं काढते. तिला कोरडी, वेगळी जागा द्यावी. गच्चीवर मोठ्या कुंडीत ती जास्त सुखी असते.

उत्तरेच्या पट्टीत फुलांची फार अपेक्षा ठेवू नका. दोन तासांच्या उन्हात जास्वंद उंच काटकुळी होते, क्रोटनचे रंग जाऊन तो हिरवट मळकट दिसतो, मोगरा पानांवरच थांबतो. इथे अरेलिया लावा. उभा वाढतो, दीड-दोन फुटांच्या पलीकडे जात नाही, बारमाही हिरवा. दोन-दोन फुटांवर चार. कापताना हातमोजे घाला, काहींना त्याच्या रसाने खाज येते. उरलेल्या सहा फुटांत, जिथे सकाळचं ऊन सर्वांत जास्त पडतं तिथे, फुटाफुटावर अबोलीची सहा रोपं. अबोली दोन-अडीच फुटांची, सकाळच्या उन्हावर फुलणारी, आणि गजऱ्यालाही होते. दर दोन-तीन वर्षांनी ती म्हातारी होते. तेव्हा छाटून उपयोग नाही, नवी रोपं लावायची.

आग्नेय कोपरा ही तुमची खरी फुलांची जागा. ६४ चौरस फूट खूप वाटतात, पण मोठं झुडूप एकच बसतं. ते हॅमेलिया असू द्या. केशरी-लाल नळीसारखी फुलं, थंडीचे काही आठवडे वगळले तर वर्षातले बरेच महिने बहर, फुलातला मध पिणारा शिंजीर पक्षी हमखास येणार, आणि मुलाला धोका नाही. कोपऱ्याच्या दोन्ही भिंतींपासून साडेतीन फुटांवर खोड घ्या. तिच्या पुढे, उघड्या बाजूला, कोरांटीची तीन झुडपं अडीच फुटांवर. पिवळ्या कोरांटीला काटे असतात; जांभळ्या, गुलाबी किंवा पांढऱ्या फुलांची बिनकाट्याची घ्या. तिचं महत्त्व असं की ती ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत फुलते. आपल्याकडे फुलझुडपांचा खरा भाकड काळ तोच आहे. मार्च ते मे मोगरा, बोगनवेल, अनंत आणि जून ते सप्टेंबर तगर, मुसांडा, चिनाई मेंदी अशी रांग असते. थंडीत मात्र बाग एकदम गप्प होते. बारमाही फुलं हवी असतील तर खरेदी नोव्हेंबरच्या झुडपापासून सुरू करावी.

याच कोपऱ्यासाठी मुसांड्याचा मोह होईल. गुलाबी मुसांडा पावसाळ्यात अप्रतिम दिसतो, पण पुण्यात थंडी दहा अंशांखाली गेली की पानं टाकतो आणि फेब्रुवारीपर्यंत काड्याच राहतात. तुम्हाला कायम हिरवेपणा हवाय, म्हणून वगळला. जागा मोठी असती तर धायटी सुचवली असती. आपली सह्याद्रीतली, जानेवारीपासून लाल फुलांनी भरणारी, पाणी जवळपास न मागणारी. पण कमानीसारख्या झुकणाऱ्या फांद्या आठ फूट घेतात, आणि तिला कापून चौकोनी केली तर तिचं रूपच जातं.

लिंबाची मुळं वरच्या थरात पसरलेली असतात. त्याच्या खोडाच्या चार-पाच फुटांच्या आत खणू नका. कोरांटी थोडी अलीकडे घेतली तरी चालेल.

खरेदी करताना उंच रोप घेऊ नका. त्याच पैशात चार फुटांची एक काडी आणि दीड फुटाचं चार-पाच फांद्यांचं रोप मिळत असेल तर दुसरं घ्या. काडीला खालून फांद्या फुटायला ती पुन्हा कापावीच लागते, आणि पडदा खालूनच हवा असतो. पान उलटून बघा, पांढरा कापूस किंवा चिकटपणा असेल तर ठेवून द्या. पिशवीच्या भोकातून बोटाएवढी जाड मुळं बाहेर आली असतील तर रोप जुनं झालेलं आहे.

आणखी एक गोष्ट आपल्याकडच्या नर्सऱ्यांत फार दिसते. बरीच झुडपं आंध्रातल्या कडियमच्या बाजूने ट्रकने येतात, आणि त्यांचा मुळांचा गोळा चिकट लाल मातीने थापलेला असतो. हा गोळा वाळला की विटेसारखा होतो. बाहेरच्या मातीत पाणी मुरतं, गोळ्याच्या आत जात नाही. रोप वाफा ओला असताना सुकतं आणि माणूस आणखी पाणी घालतो. त्यामुळे रोप लावण्याआधी तासभर बादलीत बुडवा, बाहेरचा बोटभर थर हातांनी हलकेच मोकळा करा, गोल फिरलेली मुळं दिसली तर सुटी करा किंवा दोन-तीन ठिकाणी कापा. आतला गाभा फोडू नका. रोपं आणल्यावर आठवडाभर सावलीत ठेवून मग लावलेली बरी.

पुढच्या वाफ्यात सात वेगळे खड्डे करण्यापेक्षा सलग चर खणा: २२ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट खोल. हे जवळपास ५० घनफूट, म्हणजे अर्धा ब्रास. निघालेला राडारोडा बाहेर टाका, चाळलेली माती चांगली असेल तर ती ठेवा, कमी पडेल तेवढी पोयटा माती मागवा. तीन भाग मातीला एक भाग कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट, म्हणजे या चराला ४० किलोच्या साधारण पाच गोण्या. शेणखत कुजलेलं आहे का ते हातात घेऊन बघा: गरम लागत असेल, शेणाचा वास असेल तर ते कच्चं आहे, त्यातून हुमणी (मुळं खाणारी अळी) येते आणि मुळं भाजतात. प्रत्येक रोपाच्या जागी १०० ग्रॅम निंबोळी पेंड मिसळा. चर भरल्यावर माती चार-सहा इंच वर ठेवा, पाणी दिल्यावर ती बसते. हॅमेलियाला एकच खड्डा, दीड फूट लांब-रुंद-खोल, सात-आठ घमेली मिश्रण लागेल.

खोड पिशवीत जिथपर्यंत मातीत होतं तिथपर्यंतच गाडा. बहुतेक लोक दोन-तीन इंच खोल लावतात, वर खताचा ढीग करतात, आणि पावसाळ्यात खोडाची साल कुजून रोप जातं.

वेळ जूनअखेर ते ऑगस्ट, दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर. आत्ता उन्हाळा चालू असेल तर थांबा आणि तेवढ्यात चर खणून भरून ठेवा.

पाण्यासाठी साधं ठिबक घाला, आठवड्याचा तास वाचतो. प्रत्येक झुडपाला ताशी ४ लिटरचे दोन ड्रिपर, खोडापासून नऊ इंचांवर दोन बाजूंना. पहिल्या उन्हाळ्यात एक दिवसाआड एक तास, म्हणजे झुडपाला ८ लिटर. थंडीत पाच दिवसांतून एकदा. पावसाळ्यात बंद, पण आठ-दहा दिवस उघडीप झाली तर एकदा चालवा. दुसऱ्या वर्षापासून दोन तास पण चार दिवसांतून एकदा. रोज थोडं पाणी दिलं तर मुळं वरच राहतात आणि तुम्ही गावाला गेलात की झुडूप आठवड्यात माना टाकतं. खोड मोकळं सोडून भोवती तीन इंच पालापाचोळा अंथरा. पश्चिमेच्या वाफ्यात हे ऐच्छिक नाही. तरीही पहिल्या एप्रिल-मेमध्ये तगरीच्या पानांच्या कडा करपतील. तेवढ्यासाठी पाणी वाढवू नका, नवी पानं नीट येतात.

खत वर्षातून दोनदा, जूनमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये, झुडपाला दोन-तीन किलो कंपोस्ट. युरिया टाकू नका. त्याने पानं गर्द होतात, फुलं घटतात आणि कोवळ्या फुटीवर मावा-ढेकूण तुटून पडतात.

छाटणीची पद्धत मोठ्या कात्रीने सपाट भादरायची नाही. हातकात्रीने आत हात घालून सर्वांत लांब फांद्या जोडाशी कापायच्या, प्रत्येक वेळी एकूण झुडपाच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त नाही. वरचा भाग खालच्यापेक्षा थोडा अरुंद ठेवा, नाहीतर खाली ऊन पोहोचत नाही आणि पडदा गुडघ्याखाली उघडा पडतो. तगर आणि जास्वंद: एकदा फेब्रुवारीत, एकदा पाऊस ओसरल्यावर सप्टेंबरअखेर. हॅमेलिया फेब्रुवारीत अर्ध्यावर आणली तरी चालते. कोरांटी फुलून गेल्यावर जानेवारीत गुडघ्याएवढी करा, कारण उशिरा, म्हणजे ऑगस्टनंतर कापली तर त्या वर्षीची फुलं गेली.

जास्वंदीच्या शेंड्यावर पांढरा कापूस दिसला की आधी मुंग्या बघा. पिठ्या ढेकणाची त्या राखण करतात, एका फांदीवरून दुसरीवर नेतात. जास्त माखलेली टोकं कापून पिशवीत बांधून टाका, मग पाण्याचा जोराचा फवारा, मग लिटरभर पाण्यात ५ मिलि निंबोळी तेल आणि ५ मिलि द्रवरूप साबण ढवळून पानांच्या खालून फवारा. सात-सात दिवसांनी तीनदा. एकदा फवारून थांबलात तर अंड्यातली पुढची पिढी बाहेर येते. दुपारच्या उन्हात फवारू नका, पानं भाजतात. कळ्या पिवळ्या होऊन गळत असतील तर कारण बहुधा कीड नसतं, दोन दिवस कोरडं आणि एक दिवस पूर असं पाणी असतं. तगरीवर पावसाळ्यात बोटाएवढी हिरवी, डोळ्यासारखे निळे ठिपके असलेली अळी दिसेल. ती कण्हेरीवरच्या पतंगाची अळी. रात्रीत फांदी साफ करते, पण एका झुडपावर दोन-चारच असतात. उचलून बाजूला टाकली की झालं.

हे सगळं पुण्याच्या हवेला धरून आहे. कोकणात किंवा गोव्यात हीच जागा असती तर पडद्यासाठी उंच एक्झोरा आणि सोबत अनंत सांगितला असता, आणि समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याला तोंड असेल तर खारं वारं सोसणारं कोयनेल हे झुडूप. नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात ४५ अंशांच्या आसपास पश्चिमेच्या वाफ्यात तगरीला पहिली दोन वर्षं हिरव्या जाळीची सावली द्यावी लागते. नाहीतर मेंदी लावावी, जी तिथे खरंच काटक ठरते आणि तिचा मोहोरही सुवासिक असतो. थंडीत पुण्याच्या नर्सऱ्यांत हायड्रेंजिया आणि अझेलिया फुललेले दिसतात. महाबळेश्वर-पाचगणीच्या हवेत हायड्रेंजिया टिकतो, तुमच्या वाफ्यात दोन्हींचा एप्रिलही निघणार नाही. पॉइन्सेटिया घ्यायचाच असेल तर रस्त्याच्या दिव्यापासून लांब ठेवा. सलग बारा-चौदा तास अंधार मिळाला नाही तर त्याची पानं लाल होत नाहीत, आणि त्याचाही चीक मुलाच्या हाताला लागू देऊ नये.

म्हणजे नर्सरीत मागायची यादी अशी: एकेरी तगर ५, देशी लाल जास्वंद २, अरेलिया ४, अबोली ६, हॅमेलिया १, बिनकाट्याची कोरांटी ३. तगर आणि अरेलिया दोन-तीन जास्तीची आणू नका, 'एवढ्याने पडदा कसा होणार' असं पहिल्या वर्षी वाटलं तरी मधली जागा आणखी झुडपांनी भरू नका. ती जागा उघडी दिसते म्हणून तिथे वर्षभर झेंडू, तेरडा किंवा झिनियासारखी हंगामी रोपं टाका, सदाफुली नको. सदाफुली विषारी आहे आणि मूल लहान आहे. तगरी एकमेकींना टेकायला दुसऱ्या पावसाळ्याचा शेवट उजाडेल.